अमेरिकन नॅशनल बँक नोटेचे मोल कसे जोखावे

जुनी अमेरिकन नॅशनल बँक नोट हाती आली की बहुतेक जण आधी तिचे साल पाहतात. माझ्या मते आधी बँक आणि गाव वाचावे. 1863 ते 1935 या काळात बारा हजारांहून अधिक बँकांनी सरकारी कर्जरोखे तारण ठेवून स्वतःच्या नावाच्या नोटा चलनात आणल्या. मोठ्या शहरांतल्या बड्या बँकांच्या नोटा आजही सहज मिळतात, पण एखाद्या आडगावच्या बँकेच्या नोटा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरलेल्या असतात आणि किमतीतली खरी तफावत तिथेच पडते.

1929 मालिकेची दहा डॉलरची छोटी नोट घ्या. मध्यभागी असलेल्या अलेक्झांडर हॅमिल्टन (अमेरिकेचे पहिले अर्थमंत्री) यांच्या चित्राच्या डावीकडे बँकेचे, गावाचे आणि राज्याचे नाव काळ्या शाईत छापलेले असते, तर दोन्ही कडांजवळ ठळक काळ्या अंकांत बँकेचा सनद क्रमांक, म्हणजे सरकारने परवान्यासोबत तिला दिलेला क्रमांक असतो. या मालिकेच्या दोन प्रकारांपैकी दुसऱ्या (टाइप 2) नोटेवर तोच क्रमांक तपकिरी शाईतही येतो. सनद क्रमांकाऐवजी 'ए' ते 'एल'पैकी एखादे अक्षर दिसले, तर ती फेडरल रिझर्व्ह बँकेची, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकव्यवस्थेतल्या प्रादेशिक बँकेची नोट होय. तिच्यावरही 'नॅशनल करन्सी' हेच शब्द आणि तपकिरी शिक्का असल्यामुळे नवखे संग्राहक हमखास फसतात.

मोठ्या आकाराच्या जुन्या नोटांमध्ये 1902 मालिकेतला लाल शिक्का निळ्यापेक्षा दुर्मीळ आहे, आणि पहिल्या सनदकाळातली, म्हणजे या नोटांच्या सुरुवातीच्या वर्षांतली, आडवा पडलेला 2 मिरवणारी दोन डॉलरची नोट तर संग्राहकांची विशेष लाडकी आहे. राज्याचा दर्जा मिळण्यापूर्वीच्या डाकोटासारख्या टेरिटरीचे नाव किंवा 1 हा अनुक्रमांक असल्यास किंमत आणखी चढते.

नोट कधीही धुऊ नये, इस्त्री करू नये आणि कॅशियरची फिकटलेली सही पुन्हा गिरवू तर मुळीच नये. अशी डागडुजी जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही आणि मोल घटते. घड्या, टाचणीची छिद्रे व कडांच्या चिरा उजेडासमोर धरून तपासाव्यात.

किंमत ठरवताना विक्रेत्याने मागितलेल्या आकड्यावर विसंबू नये. त्याच सनद क्रमांकाची, त्याच मालिकेची आणि साधारण त्याच स्थितीतली नोट लिलावात प्रत्यक्ष कितीला गेली, ते शोधावे. त्या बँकेच्या दोनतीनच नोटा ज्ञात असतील, तर मळकी, चुरगळलेली नोटही कोऱ्या करकरीत पण सर्रास मिळणाऱ्या नोटेपेक्षा मोलाची ठरू शकते.