फौंड्रीच्या मागे साचणारा वाळूचा ढीग कसा कमी करावा

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतीतील फौंड्रीत, म्हणजे वाळूच्या साच्यात वितळलेले लोखंड ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, रनर-रायझर (धातू ओतण्याच्या वाटांत उरलेले तुकडे) आणि रिजेक्ट झालेले कास्टिंग (ओतीव भाग) निमूटपणे पुन्हा भट्टीत जाते, कारण लोखंडाला भाव आहे. वाळूला तो नाही, म्हणून ती मागच्या कुंपणालगत साचते आणि सवड मिळाली की ट्रॉलीत भरून एखाद्या जुन्या खाणीत भरावाला टाकली जाते. हा ढीग कमी करायचा असेल, तर रिक्लेमेशन प्लांटचे (जुनी वाळू पुन्हा वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्रणेचे) कोटेशन मागवण्याआधी दोन कामे करावीत. दोन्हींना फारसा खर्च येत नाही.

पहिले काम खरेदीच्या वहीतले आहे. मोल्डिंगच्या (साचे बनवण्याच्या) चक्रात नव्या वाळूची जेवढी भर पडते, साधारण तेवढीच जुनी वाळू बाहेर काढावी लागते. त्यामुळे गेल्या बारा महिन्यांत सिलिका वाळू, बेंटोनाइट (वाळू बांधून ठेवणारी माती) आणि बाहेरून आणलेले तयार कोअर (कास्टिंगमधली पोकळी घडवणारे वाळूचे गाभे) किती टन आले, याची बेरीज केली की बाहेर किती गेले असावे याचा अंदाज मिळतो. ट्रॉलीच्या फेऱ्यांवरून काढलेला आकडा या बेरजेशी सहसा जुळत नाही, कारण फेऱ्या मोजल्या तरी वजन कोणी करत नाही. निदान एक महिना प्रत्येक फेरी वजनकाट्यावरून न्यावी आणि पावती जपून ठेवावी.

दुसरे काम वाळू वेगळी ठेवण्याचे आहे, आणि खरी मेख इथेच आहे. बेंटोनाइटची ग्रीन सँड (ओलसर साच्याची वाळू), फ्युरान रेझिनची (वाळू चिकटवणाऱ्या राळेची) वाळू आणि सोडियम सिलिकेट घालून कार्बन डायऑक्साइडने घट्ट केलेली कोअरची वाळू नॉकआउटनंतर (साचा फोडून कास्टिंग बाहेर काढल्यावर) एकाच ढिगात पडल्या, की नंतर कितीही महागडे यंत्र आणले तरी उपयोग होत नाही. फ्युरान आम्लाच्या साहाय्याने घट्ट होते, तर सिलिकेट अल्कधर्मी असते. त्यामुळे सिलिकेटची वाळू फ्युरानमध्ये मिसळली, की ती आम्ल खाऊन टाकते आणि साचा वेळेत घट्ट होत नाही. दोष मात्र रेझिन पुरवणाऱ्याच्या माथी मारला जातो. शंका आल्यास चमचाभर वाळू ग्लासभर पाण्यात ढवळून त्यात पीएच पट्टी बुडवावी. पट्टी ठळकपणे अल्कधर्मी रंग दाखवू लागली, तर तो ढीग फ्युरानच्या रिक्लेमेशनला देऊ नये. नॉकआउटजवळ तीन रंगांचे कप्पे करून ठेवले आणि कोअरची ढेकळे हाताने वेचायला एक माणूस नेमला, तरी सुरुवातीला पुरेसे होते.

वाळू वेगळी झाली की पुढचा मार्ग तिच्या प्रकारावरून ठरतो. फ्युरानची ढेकळे फोडून, चुंबकाने लोखंडाचे कण काढून आणि कणांवर कण घासून रेझिनचा थर उतरवला, तर बरीचशी वाळू परत साच्यात वापरता येते. मात्र दर आठवड्याला लॉस ऑन इग्निशन (वाळू तापवल्यावर जळून कमी होणारे वजन) तपासावे आणि ते 3 टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये, नाहीतर कास्टिंगमध्ये वायूची छिद्रे पडू लागतात. ग्रीन सँडचे चक्र आधीच फिरते असते. तिथे फुटलेल्या कोअरची वाळू चक्रात येतच असते, तेव्हा कोअरच्या बाइंडरचा (वाळू बांधणाऱ्या पदार्थाचा) त्रास होत नसेल तर तेवढी नवी वाळू घालणे कमी करून पाहावे. अनेकदा ती केवळ सवयीने घातली जाते. वाळू भाजून स्वच्छ करण्याची औष्णिक पद्धत उत्तम आहे, पण इंधनाचा खर्च पाहता लहान फौंड्रीने तिच्या वाटेला एकट्याने जाऊ नये. पद्धत कोणतीही असली, तरी सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो, म्हणून डस्ट कलेक्टर बंद असताना प्लांट चालवू नये.

तरीही काही वाळू उरतेच. ती पेव्हर ब्लॉक किंवा विटा करणाऱ्यांना देता येते, सिमेंट भट्टीत सिलिकाचा स्रोत म्हणूनही चालते. त्याआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून निक्षालन चाचणी (वाळूतून पाण्याबरोबर काय झिरपते याची तपासणी) करून घ्यावी, अहवालातील आकडे घातक कचऱ्यासंबंधीच्या 2016 च्या नियमांमधील अनुसूची 2 च्या मर्यादांशी ताडून पाहावेत आणि घेणाऱ्याशी लेखी करार करावा. तेलाने माखलेल्या चिंध्या आणि वापरलेले तेल या वाळूपासून कटाक्षाने दूर ठेवावे. हा घातक कचरा असल्याने तो साधारणपणे 90 दिवसांच्या आत मॅनिफेस्टसह (वाहतुकीच्या नोंदपत्रासह) अधिकृत केंद्राकडे पाठवावा लागतो, आणि त्याची एक गोणी सांडली तरी सगळा ढीग नाकारला जाऊ शकतो.

दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला फॉर्म 5 मध्ये पर्यावरण विवरणपत्र द्यावे लागते. त्यात अंदाजे आकडे न लिहिता, खरेदीची वही आणि वजनकाट्याच्या पावत्या शेजारी ठेवून तो भरावा.