गांधीलमाशीचं पोळं: कधी राहू द्यावं, कधी आणि कसं काढावं

छज्जाखाली किंवा जास्वंदीच्या फांदीला करड्या, कागदासारख्या षटकोनी घरांचा गुच्छ बारीक देठावर लटकलेला दिसला, तर ते गांधीलमाशीचं पोळं. लाकडाचे तंतू चावून, लाळेत मळून ती हा कागद बनवते. लगेच झाडू उचलू नका. पिल्लांना भरवायला ती बागेतल्या अळ्याच पकडते. वावराच्या जागेपासून तीन-चार मीटर लांब किंवा डोक्याच्या बरंच वर असलेलं पोळं खुशाल राहू द्या. दाराजवळ, नळाशी, मुलं खेळतात तिथे असेल तरच काढा.

आधी पोळं कुणाचं ते ओळखा. भिंतीला चिकटलेला मातीचा गोळा कुंभारीण माशीचा. ती एकटी राहते, सहसा अंगावर येत नाही. माशी नसताना खुरप्याने खरवडा. झाडाला किंवा इमारतीला लोंबणारं, माश्यांनी झाकलेलं एकच मोठं पोळं आग्या मोहोळाचं, त्याच्या वाटेला जाऊ नका. झाडाच्या ढोलीत किंवा बिळात ये-जा करणारी, पोटावर रुंद पिवळा-नारिंगी पट्टा असलेली मोठी काळी गांधील दिसली, किंवा पोळ्यापाशी पोहोचायला शिडी लागत असेल, तर जाणकार माणूस बोलवा. पूर्वी डंखाने अंगभर गांध्या उठल्या असतील किंवा धाप लागली असेल, त्यांनी हे काम करूच नये.

शिडीशिवाय पोहोचता येईल अशा उंचीवरच्या लहान पोळ्याला साबणाचं पाणी पुरतं. साबणामुळे पाणी माशीच्या अंगावरून ओघळून न जाता श्वासाच्या छिद्रांत शिरतं आणि ती गुदमरते. नुसत्या पाण्याने ती फक्त चवताळते. दोन लिटर पाण्यात 60 मिली भांडी घासायचं लिक्विड हलक्या हाताने मिसळा. जोरात ढवळलं की फेस होतो आणि नोझल तुंबतं. हे पाणी दाबाच्या फवारणी पंपात भरा. नोझल फिरवून सरळ धार करा आणि ती दोन मीटरवर पोहोचते का, हे दुसरीकडे मारून पाहा.

वेळ सूर्यास्तानंतर तासाभराने, वारा नसताना. तेव्हा बहुतेक माश्या पोळ्यावर असतात. जाड पँट, पायमोज्यांत खोचलेले पाय, पूर्ण बाह्या, हातमोजे आणि काच बंद होणारं हेल्मेट घाला. टॉर्चला लाल जिलेटिन कागद बांधा, कारण लाल उजेड माश्यांना नीट दिसत नाही. टॉर्च हातात धरू नका, बाजूला ठेवा. उडालेली माशी उजेडाकडे झेपावते. मागे सरकायची वाट मोकळी ठेवा. पोळ्याच्या थेट खाली उभं राहू नका, भिजलेल्या माश्या अंगावर पडतात.

धार आधी देठाजवळ बसलेल्या माश्यांवर, मग घरांच्या तोंडांवर. अर्धा मिनिट न थांबता मारा. इथेच बहुतेकांचं चुकतं: दोन फवारे मारून बघत थांबतात, तेवढ्यात उरलेल्या माश्या सुटतात. गांधीलमाशीची नांगी अंगात अडकत नाही, त्यामुळे एकच माशी पुन्हा पुन्हा डंख मारते. रॉकेल ओतणं किंवा मशाल लावणं तर साफ टाळा. आग छपरापर्यंत जाते.

पोळं सकाळी काढा. एकही हालचाल नाही याची खात्री करून देठ मुळापासून खरवडा, पोळं पिशवीत बांधून फेका. देठाची जागा साबणाने घासा. रात्री बाहेर राहिलेल्या माश्या दोन-तीन दिवस तिथे घिरट्या घालतील. पुन्हा बांधायला लागल्या तर त्याच संध्याकाळी फवारा. पुढे महिन्यातून एकदा कुंड्यांचे काठ, एसीचा बाहेरचा भाग, मीटरची पेटी आणि उघडे पाइप तपासा. तीन-चार घरांचं नवं पोळं लांब काठीने पाडता येतं.

डंख झालाच तर जागा साबणाने धुवून दहा मिनिटं बर्फ लावा, बोटात असेल तर सूज चढायच्या आत अंगठी काढा. ओठ-जीभ सुजणं, धाप, भोवळ किंवा अंगभर गांध्या दिसल्या तर वाट न पाहता 108 ला फोन करा. अनेक डंख झाल्यावर लघवी गडद झाली तरी लगेच रुग्णालय गाठा, कारण त्याचा फटका मूत्रपिंडाला बसतो.