मोडी कागदांच्या तारखा वर्षाने पुढे जात असतील तर

इंदूरच्या एका जुन्या वाड्यातले मोडी रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) आमच्या इतिहास मंडळाकडे आले. सोबतच्या यादीत बऱ्याच पत्रांच्या तारखा वर्षाने पुढे. शक धरून पाहिला, फसली (महसुली सन) धरून पाहिलं, जुळेना. कागदांवर होता सुहूर सन, म्हणजे मराठी दफ्तरांत अरबी शब्दांत लिहिलेला सन; त्यात सरसकट ६०० मिळवून इसवी सन देणाऱ्या तयार कोष्टकाने तर डोकंच उठवलं.

जमलं ते असं. सुहूर सनाचे शब्द एककापासून वाचा: ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १, ६०, १०० आणि १०००, एकूण ११६१. हा सन मृगाला, जूनच्या सुरुवातीस बदलतो. म्हणून ५९९ मिळवून आरंभ काढा: जून १७६०. मग पत्रातल्या ‘छ’पुढचा चंद्र (म्हणजे हिजरी महिन्याची तारीख) आणि हिजरी महिना जंत्रीत (दोन्ही कालगणनांच्या तारखा जुळवून देणाऱ्या पुस्तकात) तिथपासून मे १७६१ पर्यंतच शोधा. डिसेंबरअखेरपर्यंत सापडला तर ५९९ बरोबर, जानेवारीपासून पुढे ६००. ताळ्याला पानिपत घ्या: १४ जानेवारी १७६१ याच सनात बसतं.

हिजरी वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान, त्यामुळे क्वचित एकच चंद्र जूनच्या आरंभी आणि पुढच्या मेअखेरीस असा दोनदा येतो. तिथे पत्रातला वार बघा. वार नसेल तर दोन्ही तारखा पेन्सिलीने लिहा, आणि मूळ शब्द यादीतून गाळू नका.