जुने गोवे ते नार्वे: मांडवीचं खोरं पायी कसं पाहावं

जुन्या गोव्यात येणाऱ्या बहुतेक गाड्या दोन तासांत परत फिरतात. बॉम जेझस बॅसिलिकेत एक फेरी, से कॅथेड्रलसमोर फोटो आणि पुढे मंगेशी. चर्च बघून होतात, पण ज्या नदीमुळे ती इथे उभी राहिली ती मांडवी राहूनच जाते. नदी, तिच्या काठची खारफुटी, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली खाजनशेती आणि दोन्ही तीरांवरची देवस्थानं एका दिवसात, एका ओळीत पाहायची असतील तर चालण्याला पर्याय नाही. मी सुचवतो तो रस्ता असा: जुन्या गोव्याची टेकडी, तिथली चर्च, फेरीबोट, दिवाडी बेट, पुन्हा फेरीबोट आणि डिचोली तालुक्यातल्या नार्व्याचं सप्तकोटेश्वर मंदिर. सगळी मिळून बारा किलोमीटरच्या आसपास चाल होते. चढ थोडेच आहेत. घाम काढतं ते ऊन.

आधी तिथी बघा

महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाऊस सरलेला असतो, हवा कोरडी असते आणि स्थलांतरित पक्षी आलेले असतात. त्यातही 24 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर हे दिवस वेगळे. सेंट फ्रान्सिस झेवियरच्या नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, चालू असतात आणि 3 डिसेंबरला फेस्त, म्हणजे त्याचा मुख्य सण. ती गर्दी अनुभवायची असेल तर जरूर या, पण त्या दिवशी चालण्याचा बेत ठेवू नका.

दिवस मात्र कॅलेंडरच्या तारखेवर न ठरवता तिथीवर ठरवा. मांडवी इथे खाडीच आहे. भरतीचं पाणी रोज दोनदा आत येतं आणि दोनदा बाहेर जातं. कोकणपट्टीवरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. तिच्या सहा तास आधी, पावणेदहाच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. हा हिशेब समुद्रकिनाऱ्याचा. नदीत इतक्या आत पाणी थोडं उशिराने वर-खाली होतं. त्यामुळे शुद्ध किंवा वद्य पंचमी-षष्ठीला निघालात तर दिवाडीच्या बांधावर पोहोचाल तेव्हा चिखल उघडा पडलेला असेल, आणि दुपारनंतर नार्व्याच्या धक्क्यावर याल तेव्हा नदी काठोकाठ भरलेली असेल. एकाच दिवशी नदीची दोन्ही रूपं दिसतात. माझ्या मते या चालीतलं अर्धं शहाणपण ह्या एका निवडीत आहे.

काय न्यायचं, काय घालायचं

माणशी दोन लिटर पाणी, टोपी, लांब बाह्यांचा सुती शर्ट, आणि तळव्याला पकड असलेले बूट. खाजनाच्या बांधावरचा ओला चिखल तेलासारखा निसरडा असतो, तिथे चपला चालत नाहीत. दुर्बीण असेल तर नक्की घ्या. चर्च आणि मंदिर दोन्ही ठिकाणी खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, म्हणून अर्ध्या चड्डीवर निघू नका. फेरीबोटीत पायी जाणाऱ्याला तिकीट लागत नाही, पण थोडे सुटे पैसे खिशात असू द्या.

पोहोचणं

पणजीच्या कदंब बसस्थानकावरून जुन्या गोव्याला सतत बस असतात. फोंड्याकडे जाणाऱ्या बसही चालतात. गांधी सर्कलजवळ उतरा. मुंबई-रत्नागिरीकडून कोकण रेल्वेने येणाऱ्यांना करमळी स्टेशन सगळ्यात जवळ आहे. साडेसहा-सातला तिथे असाल असं बघा. बसथांब्याजवळच्या गाड्यावर पातळ भाजी-पाव आणि मिरची भजी मिळाली तर पोटभर खाऊन घ्या, कारण पुढचं जेवण दुपारीच.

सुरुवात टेकडीवरून

सगळे आधी बॉम जेझसमध्ये शिरतात. तुम्ही उलट दिशेला, पूर्वेकडच्या टेकडीवर चढा. वर अवर लेडी ऑफ द माऊंटचं कपेल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, आहे. 1510 साली पोर्तुगीज सेनानी आफोन्सो द आल्बुकेर्कने गोवा जिंकल्यावर ते बांधवलं. कपेल बंद असलं तरी हरकत नाही, आपण अंगणासाठी आलो आहोत. सकाळचं ऊन पाठीमागून येतं आणि समोरचं सगळं खोरं उजळून निघतं: खाली झाडीतून डोकावणारे चर्चचे मनोरे, त्यांच्यापलीकडे मांडवीचं पात्र, आणि नदीपार दिवाडीची सपाट शेतं नि मधली टेकडी. तुम्हाला दिवसभर जिथून जायचं आहे तो रस्ता इथून बोटाने दाखवता येतो. सोबत मुलं असतील तर त्यांना इथेच तो दाखवा.

इथून पाहिल्यावर एक प्रश्न पडायला हवा: एवढं मोठं शहर, मग घरं कुठे आहेत? कॉलरा, मलेरियाच्या साथींनी माणसं हटली, 1843 मध्ये राजधानी पणजीला गेली, आणि रिकाम्या घरांचे चिरे नव्या बांधकामांसाठी उचलले गेले. उरली ती चर्चची आणि मठांची वास्तू. 1986 पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे.

चर्च: सगळी नकोत, चार नीट बघा

आत जायला साधारण नऊपासून सुरुवात होते. रविवारी सकाळी मिसा (सामूहिक प्रार्थना) चालू असतात, तेव्हा पर्यटक म्हणून आत भटकू नये.

पहिलं सेंट ऑगस्टीनचं भग्न संकुल, पश्चिमेकडच्या मोंते सांतवर. 46 मीटर उंचीच्या मनोऱ्याचा अर्धा भाग अजून उभा आहे. 1835 मध्ये मठ सोडावा लागला, 1842 मध्ये छत कोसळलं, 1931 मध्ये दर्शनी भाग पडला. मनोऱ्यातली घंटा मात्र वाचली. ती आज पणजीच्या मोठ्या चर्चमध्ये वाजते. जॉर्जियाच्या राणी केतेवानचे अवशेष इथेच उत्खननात सापडले आणि 2021 मध्ये भारताने ते जॉर्जियाला दिले.

मग बॉम जेझस. 1594 ला काम सुरू, 1605 ला अभिषेक. सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पण तिच्याखालचा संगमरवरी चौथरा बघा. तो फ्लोरेन्सच्या फोजिनीने घडवला आणि टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने पाठवला. बाहेर आल्यावर भिंतीला हात न लावता जवळून बघा. जांभा उघडा आहे, छिद्राछिद्रांचा, पावसाने झिजलेला. पूर्वी ही भिंत चुन्याने गिलावलेली होती. 1950 च्या दशकात गिलावा काढला गेला. समोरचं से कॅथेड्रल पांढरं आहे, आणि गोव्यातली जवळपास सगळी जुनी चर्च पांढरी का असतात याचं उत्तर ह्या दोन इमारतींच्या मधोमध उभं राहिलं की मिळतं: सच्छिद्र जांभ्याला इथल्या पावसापासून चुनाच वाचवतो. लालसर भिंतीचे फोटो सुंदर येतात हे खरं, पण ती भिंत दर पावसाळ्यात थोडी थोडी संपते आहे.

से कॅथेड्रलचं बांधकाम 1562 ते 1619 चाललं. दोन मनोऱ्यांपैकी एक 1776 मध्ये पडला. चौथं, नदीकडे जाताना लागणारं सेंट कायेतान, रोमच्या सेंट पीटरच्या धर्तीवरचं. तिथे पाच मिनिटं पुरेत.

व्हाईसरॉयच्या कमानीतून नदीकडे

फेरीच्या धक्क्याकडे उतरणारा रस्ता एका कमानीखालून जातो. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा पोर्तुगीजांचा इथला व्हाईसरॉय असताना, सोळाव्या शतकाच्या अखेरीला ती उभारली गेली. नवा व्हाईसरॉय नदीतून येऊन याच कमानीतून शहरात शिरायचा. म्हणून पलीकडे गेल्यावर वळून बघा. वास्को द गामाचा पुतळा नदीच्या बाजूला आहे. कमान 1948 मध्ये कोसळली होती, आज दिसते ती 1954 ची पुनर्बांधणी.

सव्वादहापर्यंत धक्क्यावर या. दिवाडीची फेरीबोट लागली आहे ना, हे खलाशाला विचारून खात्री करा. आधी गाड्या उतरू द्या, मग कडेने चढा आणि कठड्याजवळ उभे राहा. प्रवास काही मिनिटांचाच, पण जुन्या गोव्याकडे तोंड करून उभे राहिलात तर शहर नदीवरून कसं दिसत असेल ते कळतं.

खाजन: इथे घाई नको

दिवाडीच्या धक्क्यावरून बेटावरच्या पिएदाद गावाकडे सरळ रस्ता जातो, दोन्ही बाजूंना खाजन. नदीपेक्षा खालच्या पातळीवरची ही शेती चिखल-दगडाच्या बांधांनी खाऱ्या पाण्यापासून वेगळी केलेली असते. रस्त्यावरूनही छान दिसते, पण एखाद्या बांधावरून पन्नास पावलं आत गेलात तर खरी समजते. शेतात कोणी असेल तर आधी विचारा. ही कोणाची तरी वहिवाट आहे.

बांधात जिथे लाकडी दारं बसवलेली दिसतील ती मानस. तिथे थांबा. दाराच्या आत गोड्या-मचूळ पाण्याचा खोल खड्डा असतो, बाहेर नदीचा फाटा. ओहोटीला आतलं पाणी दाराला ढकलतं आणि बाहेर पडतं. भरती लागली की बाहेरचं पाणी तेच दार चौकटीवर दाबून बंद करतं. ना मोटार, ना माणूस. नदीच दार उघडते आणि नदीच लावते. तुम्ही सकाळी पोहोचाल तेव्हा फळ्यांच्या फटींतून पाणी सळसळत बाहेर पडत असेल, चौकटीला शेवाळ आणि कालवांचे कवच चिकटलेले दिसतील, आणि जवळच्या खांबावर खंड्या टपून बसलेला असेल. आतल्या पाण्यात शेवटे, काळुंद्री हे मासे आणि सुंगटं (कोळंबी) वाढतात. दाराला हात लावू नका, फळी हलवू नका. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की ते मीठ जायला पुढचे पावसाळे जातात.

बांधाच्या बाहेरच्या अंगाला खारफुटी. तिवराची श्वासमुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली असतात, कांदळाची मुळं कमानी टाकून उभी असतात. ओहोटीच्या चिखलावर दोन मिनिटं हालचाल न करता उभे राहिलात की निवट्या उड्या मारायला लागतात आणि खेकडे बिळांबाहेर येतात. चिखलात उतरू मात्र नका. पाय गुडघ्यापर्यंत रुततो, आणि जवळच्या कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. ह्या पाण्यांना एकमेकांचा रस्ता ठाऊक आहे.

खारफुटीनेच वेड लावलं तर चोडण बेटावरच्या डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्यासाठी दुसरा दिवस काढा. रायबंदरहून फेरीबोट जाते. त्याच दिवशी दोन्ही कोंबू नका.

पिएदादची टेकडी आणि दुपार

बाराच्या आत पिएदादच्या टेकडीवर चढा. अवर लेडी ऑफ कम्पॅशनचं चर्च इथे आहे. टेकडीवर पूर्वी मंदिर होतं, आणि शेजारच्या दफनभूमीतल्या कपेलात कदंबकालीन, म्हणजे पोर्तुगीजांपूर्वी गोव्यावर राज्य केलेल्या कदंब राजांच्या वेळचं, कोरीव काम अजून दिसतं. पोर्तुगीज आमदानीत दिवाडीचे देव नदीपार गेले: महागणपती खांडोळ्याला, सप्तकोटेश्वर नार्व्याला. संध्याकाळी आपण त्याच वाटेने जाणार आहोत.

बारा ते तीन चालू नका. गावात जेवा, चर्चजवळच्या सावलीत बसा. रंगीत घरं, बाल्कांव (दारापुढच्या बसायच्या ओसऱ्या), शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या यांचे फोटो रस्त्यावरूनच काढा. ती राहती घरं आहेत. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी इथे बोंदेरा हा झेंड्यांचा उत्सव असतो, तेव्हा हेच शांत गाव ओळखू येत नाही.

नार्वे

तीनला निघून बेटाच्या दुसऱ्या टोकाकडे चाला. वाटेत मानस दिसली तर पुन्हा डोकावा: दार आता बंद असेल, बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा उंच. बेटावरच्या भागालाही नार्वेच म्हणतात, आणि पलीकडच्या तीरालाही. मूळ सप्तकोटेश्वर इकडे होता. कदंब राजांचं हे आराध्यदैवत. ते स्वतःला 'श्रीसप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद' म्हणवून घेत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी मंदिर पाडलं आणि लिंग नदीपार नेलं गेलं.

इथली फेरीबोट जुन्या गोव्याइतकी भराभर नसते, धक्क्यावर वेळ विचारूनच निवांत व्हा. पलीकडे उतरल्यावर रस्ता माडा-पोफळींतून, दाट झाडीच्या घळीत शिरतो. सप्तकोटेश्वराचं मंदिर त्या झाडीतच आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये त्याचा जीर्णोद्धार करवला, आणि तसा शिलालेख दारावर आहे. आधी तो वाचा, मग आत जा. कमानींचा मंडप, बसका घुमट, समोर दीपमाळ. सकाळी पाहिलेल्या उंच वेद्या आणि सोनेरी कोरीवकामानंतर ही बुटकी, गार वास्तू जास्तच लक्षात राहते. जीर्णोद्धारानंतर 2023 मध्ये मंदिर पुन्हा खुलं झालं आहे.

परतीची सोय सकाळीच करा

नार्व्याहून संध्याकाळी बस मिळेल या भरवशावर राहू नका. दोन पर्याय आहेत. डिचोलीहून किंवा म्हापशाहून रिक्षा-टॅक्सी आधी ठरवून मंदिरापाशी बोलवा. नाहीतर अंधारापूर्वी पुन्हा फेरीबोटीने दिवाडीत या आणि पिएदादला कोणा पायलटला, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवाल्याला, आधीच सांगून ठेवलं असेल तर त्याच्या मोटारसायकलवर जुन्या गोव्याच्या धक्क्यापर्यंत जा. पाच-सहा जण असाल तर पहिला पर्याय स्वस्त पडतो, दोघं असाल तर दुसरा.