सर्व्हरला अ‍ॅसेट टॅग लावताय? या चुका टाळा

११ वर्षं झाली मला डेटा सेंटरमध्ये, नवी मुंबईतच, आणि दरवर्षी ऑडिट जवळ आलं की तेच सुरू होतं, मशीनच्या यादीच्या शीटमध्ये सर्व्हर आहे पण रॅकमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या कपाटात, सापडत नाही, रॅकमध्ये आहे त्याची शीटमध्ये नोंद नाही. चोरी वगैरे काही झालेली नसते, टॅग, म्हणजे मशीन ओळखायचा नंबराचा स्टिकर, लावताना कुणीतरी घाई केलेली असते. स्टिकर चिकटवायला काय अक्कल लागते असं म्हणून नवीन पोराच्या हातात रोल देतात आणि तो तासाभरात दोन रॅक उरकून येतो. एवढ्या वेळात दोन भरलेले रॅक झाले असतील तर ते परत तपासायचे, असं मी सरळ धरून चालतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे निघणाऱ्या भागावर टॅग लावणं. १यू सर्व्हर, म्हणजे रॅकमधला एका खणाचा, उंचीला जेमतेम पावणेदोन इंच, त्यात पुढून डिस्कच्या कॅडी (डिस्क बसवायचे ट्रे), जाळी, बटणं, सपाट जागा शोधून सापडत नाही, आणि समोर बेझेल दिसतो मस्त गुळगुळीत, मग लाव तिथेच. पण बेझेल म्हणजे नुसतं पुढचं झाकण, ते निघतं आणि त्याच मॉडेलच्या कुठल्याही सर्व्हरला फिट बसतं.

एका क्लायंटकडे एकाच मॉडेलचे सहा सर्व्हर एकाखाली एक होते, सगळ्यांचे टॅग बेझेलवर. डिस्क बदलायच्या म्हणून सहाही बेझेल काढून ट्रॉलीवर एकावर एक ठेवले, काम संपल्यावर परत लावले, त्यात दोन अदलाबदल झाले. दिसायला सगळे सारखेच, कुणाला कळणार? चार महिन्यांनी त्यातला एक सर्व्हर काढायची रिक्वेस्ट आली. शनिवारी रात्री मी टॅग वाचला, कागदाशी ताडला, सोबतच्या पोराकडून पुन्हा वाचून घेतला, नंबर बरोब्बर होता, म्हणून दोन्ही पॉवर केबल काढल्या. पाच मिनिटांत फोन आला. बंद पडला होता पगाराचा डेटाबेस, तोही महिनाअखेरीला. सर्व्हर परत चालू केला, डेटाबेस रिकव्हरीला लागला, सगळं सुरळीत व्हायला पहाटेचे चार वाजले. टॅग खरा होता, नंबर खरा होता, फक्त तो ज्याच्यावर होता ते झाकण त्या सर्व्हरचं नव्हतं. तेव्हापासून मी एकही सर्व्हर नुसत्या टॅगवर विश्वास ठेवून बंद करत नाही, आधी कुणालातरी रिमोटने आयपीएमआयटूलची, म्हणजे सर्व्हरला दुरून हुकूम देणाऱ्या टूलची, चॅसिस आयडेंटिफाय कमांड मारायला सांगतो, सर्व्हरवरचा दिवा लुकलुकतो, बहुतेक मशीनवर निळा असतो, डिफॉल्टला १५ सेकंदच राहतो म्हणून आधी रॅकसमोर उभं राहायचं आणि मगच कमांड मारायला सांगायची.

मग टॅग लावायचा कुठे? चॅसिसच्या, म्हणजे सर्व्हरच्या मूळ पेटीच्या, पत्र्यावर. मी पुढच्या कानाजवळ, म्हणजे सर्व्हर रॅकला जिथे अडकवतात त्या पट्टीजवळ, जागा बघतो, आणि तसाच दुसरा टॅग मागे, कारण केबलचं काम करणारा माणूस मागेच उभा असतो. मागे पॉवर सप्लायवर लावू नका, तो तर सगळ्यात आधी बदलला जातो. डिस्कच्या कॅडीवरही नको, वरच्या कव्हरवरही नको.

दुसरी चूक, सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीचा सीरियल नंबर न वाचता ओळीने चिकटवत जाणं. यादी वरून खाली, रोलही क्रमाने, म्हणून धडाधड लावत सुटतात, आणि मध्ये यादीत नसलेला एक स्विच किंवा स्टोरेज आलं की तिथून खालचे सगळे टॅग एकाने सरकतात. गंमत म्हणजे टॅगची एकूण संख्या एकानेच चुकते, त्यामुळे मोजून फारसं काही हाती लागत नाही. माझी सवय अशी आहे, आधी कंपनीचा सीरियल स्कॅन, मग हातातला टॅग स्कॅन, मगच मागचा कागद सोलायचा. सीरियल बऱ्याच सर्व्हरला पुढच्या ओढून काढायच्या पट्टीवर मिळतो. हाताने टाइप करू नका, ८ आणि बी, ५ आणि एस, यात भलेभले फसतात. वेळ लागतो, लागू दे. शेवटी मशीन चालू असेल तर डीएमआयडीकोड या कमांडने सीरियल काढून शीटशी जुळवतो. मदरबोर्ड बदललेल्या मशीनवर कधीकधी तो रिकामा येतो, इंजिनिअर नवीन बोर्डात भरायला विसरलेला असतो, तेव्हा बाहेरचा स्टिकर बघून त्याच्याकडून भरून घ्या.

बाकीच्या पटापट सांगतो. डायरेक्ट थर्मल कागदाचे, म्हणजे दुकानातल्या पावतीसारखे उष्णतेवर छापले जाणारे, स्टिकर वापरू नका, मागच्या गरम हवेत ते काळे पडतात, पॉलिस्टरचं लेबल आणि छपाईला रेझिन रिबन घ्या. चिकटवायच्या आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. हवेची जाळी झाकू नका. कंपनीच्या सीरियलवर आपला टॅग तर अजिबात नको. क्यूआर कोड कडेवर दुमडू नका आणि भोवतीची पांढरी जागा कापू नका, स्कॅनरला ती लागते. टॅगवर होस्टनेम छापू नका, ते बदलतं. ब्लेडला, म्हणजे एका मोठ्या चॅसिसमध्ये सरकवायच्या पातळ सर्व्हरला, वेगळा टॅग, चॅसिसला वेगळा. आरएफआयडी, म्हणजे रेडिओ लहरींनी वाचले जाणारे टॅग, लावत असाल तर धातूवर चालणारेच टॅग मागवा, साधा टॅग पत्र्यावर चिकटवला की रीडरला दिसत नाही.

आणि भंगारात गेलेल्या सर्व्हरचा नंबर नवीन मशीनला देऊ नका, रोलमधले नंबर संपले तर पुढचे छापून घ्या.