खोगीर-लगामाच्या कामात येताना: चाललेली फॅशन तपासायची कशी

या कामात नव्याने येणारे बहुतेक जण पहिल्यांदा विचारतात, "सध्या काय चालतंय?" कोणत्या रंगाचं चामडं, कोणत्या घाटाचं ब्रिडल (घोड्याच्या डोक्यावरचा लगामाचा साज), कोणत्या प्रकारचं हेल्मेट. प्रश्न रास्त आहे, कारण गिऱ्हाईकही तेच विचारत येतं. मी सॅडल, म्हणजे खोगीर, घोड्याला नीट बसवण्याचं आणि दुरुस्तीचं काम करते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी आधी वेगळाच प्रश्न विचारायची सवय लावते: ही वस्तू कुणाची अडचण सोडवायला निघाली? घोड्याची, स्वाराची, की बघणाऱ्याची? तिसरं उत्तर आलं म्हणून वस्तू वाईट ठरत नाही. पण उत्तरच माहीत नसेल तर ती घोड्यावर चढवू नये.

घोड्याची अडचण सोडवणारी फॅशन किती टिकते, याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे उडीची बैठक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत उडी मारताना स्वार मागे रेलायचा, रिकिबी लांब सोडायचा आणि उतरताना त्याचं सगळं वजन घोड्याच्या कमरेवर यायचं. इटलीच्या घोडदळातल्या फेदेरिको काप्रिली या अधिकाऱ्याने (1868–1907) हे उलटं केलं. घोड्याला मान मोकळी द्यायची, रिकिबी आखूड करायच्या आणि वजन पुढे नेऊन त्याच्या पाठीवरून उचलायचं. स्वाराचा गुडघा पुढे आला, म्हणून सॅडलचा फ्लॅप, म्हणजे पायाखाली येणारं बाजूचं चामडं, तोही पुढे आला आणि गुडघ्याला टेकायला उशी लागली. आज जंपिंगचं (उड्यांचं) आणि ड्रेसाजचं (घोड्याच्या शिस्तबद्ध हालचालींच्या क्रीडाप्रकाराचं) सॅडल शेजारी ठेवून बघा. एकाचा फ्लॅप पुढे झुकलेला दिसेल, दुसऱ्याचा सरळ खाली उतरलेला. हा फरक का आहे हे ज्याला सांगता येतं, त्याला कुठलाही नवा फ्लॅप बघून तो कशासाठी कापलाय याचा अंदाज बांधता येतो.

साइड-सॅडलची, म्हणजे दोन्ही पाय एकाच बाजूला ठेवून बसायच्या सॅडलची, गोष्ट वेगळी. तिथे आकार ठरवला तो घोड्याने नव्हे, स्त्रियांच्या पोशाखाने आणि रिवाजाने. 1830च्या सुमारास पाय धरून ठेवणारं दुसरं शिंग जोडलं गेलं आणि त्यावरूनही नीट उड्या मारता येऊ लागल्या, पण स्त्रिया ब्रीचेस (घोडेस्वारीची विजार) घालू लागल्यावर साइड-सॅडलची गरज संपली. 1952च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज स्त्रियांना खुलं झालं आणि डेन्मार्कच्या लिस हार्टेलने रौप्यपदक मिळवलं. पोलिओमुळे तिच्या गुडघ्याखालच्या पायांत ताकद नव्हती.

आता सॅडलच्या पोटात काय असतं ते. सगळा आकार धरून ठेवतो तो आतला ट्री. पूर्वीपासून तो लाकडाचा, पुढे पोलादी पट्ट्या घातलेला, मग कृत्रिम साहित्याचा आणि आता कार्बन फायबरचाही मिळतो. काही सॅडलमध्ये पुढची कमानपट्टी बदलून रुंदी कमी-जास्त करता येते. ट्रीखाली घोड्याच्या पाठीला लागणारी पॅनेल्स असतात, आणि खरा वाद तिथे आहे: आत लोकर भरायची की फोम? गेल्या काही दशकांत पातळ फोमची, घोड्याच्या अगदी अंगालगत बसणारी सॅडल्स आणि एकाच फ्लॅपची मॉडेल्स फार चालली. दिसायला ती सुबक आणि पायाला घोडा लगेच जाणवतो. तरी कोवळा घोडा, लांब विश्रांतीनंतर कामाला लागलेला घोडा किंवा ज्याचे स्नायू अजून भरताहेत असा घोडा समोर असेल, तर मी लोकरीच्याच बाजूने बोलते. पाठ बदलली की लोकर काढता-घालता येते. फोममध्ये ती मोकळीक फारशी नसते. फोम वाईट आहे असं नाही. पण तो अशाच पाठीवर शोभतो जी वर्षभर साधारण तशीच राहणार आहे.

सॅडल बसतंय का हे बघायला आधी खालचं कापड आणि पॅड बाजूला ठेवा. घोडा सपाट जमिनीवर, चारही पायांवर नीट उभा हवा. सॅडल विदर्सच्या (मानेच्या मुळाशी पाठीवरच्या उंचवट्याच्या) जरा पुढे ठेवून केसांच्या दिशेने मागे सरकवा, ते आपली जागा आपणच धरतं. पुढचा भाग खांद्याच्या पात्याच्या मागे आहे का, ते हाताने चाचपा. मागून वाकून बघा, दोन पॅनेल्सच्या मधली पन्हळ मणक्याला कुठे टेकत नाही ना. घोड्याला बरगड्यांच्या अठरा जोड्या असतात, आणि सॅडलचा भार शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नये. मग तंग (पोटाखालून जाणारा पट्टा) आवळून, स्वार बसवून पुन्हा हेच सगळं. स्वारीनंतर सॅडल उतरवलं की घामाचा ठसा वाचा. ओल्या पाठीवर मधेच कोरडा डाग दिसला तर तिथे एकतर फार दाब आहे किंवा सॅडल टेकतच नाही. हाताने दाबून घोडा अंग चोरतो का ते बघा. विदर्सच्या बाजूला पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले, तर तिथे पूर्वी कधीतरी दाबाने इजा झालेली असण्याची शक्यता मोठी.

मेंढीच्या कातड्याचे आणि जेलचे पॅड हल्ली जवळपास प्रत्येक घोड्यावर दिसतात. चांगल्या बसणाऱ्या सॅडलखाली पातळ पॅडने थोडा फायदा होतो. पण ट्री मुळात अरुंद असेल तर जाड पॅडने तो आणखी आवळतो, आणि हे गिऱ्हाइकाला समजावून सांगणं तुमच्या कामाचा भाग आहे. त्या दिवशी पॅड विकला जाणार नाही, हरकत नाही.

ज्या फॅशनबद्दल मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं ती म्हणजे नोजबँड, घोड्याच्या नाकाभोवतीचा पट्टा. साधा कॅव्हेसन, खाली उतरणारा ड्रॉप, फ्लॅश, आडवा फुलीचा ग्रॅकल (1931ची ग्रँड नॅशनल ही इंग्लंडमधली शर्यत जिंकणाऱ्या घोड्याचं हे नाव), असे प्रकार येत-जात राहिले. अलीकडे रुंद, आतून जाड गादी लावलेला क्रँक नोजबँड लोकप्रिय झाला. त्याचा पट्टा कडीतून फिरून परत येतो, त्यामुळे थोड्या ओढीत तो बराच जास्त आवळला जातो, आणि गादीमुळे बाहेरून काही कळत नाही. किती आवळतात लोक? 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात स्पर्धेतल्या 750 घोड्यांचे नोजबँड मोजले होते. दोन बोटं मावतील इतके सैल होते फक्त 7 टक्के, आणि 44 टक्क्यांमध्ये मोजमापाची पट्टी अजिबात सरकली नाही. तोंड बंद दिसावं, गुण मिळावेत, एवढ्यासाठी हे चाललेलं असतं. घोड्याला जबडा हलवता येत नसेल तर तो बिट (तोंडातली लगामाची कडी) स्वीकारतोय की मुकाट सोसतोय, हे स्वाराला कळणारच नाही. एफईआय या आंतरराष्ट्रीय महासंघाने 2025 पासून स्पर्धांमध्ये नोजबँड मोजायला ठरावीक उपकरण आणलं, ते फार आधी यायला हवं होतं. तुम्ही तपासाल तेव्हा दोन बोटं नाकाच्या हाडावर, समोरच्या बाजूला आडवी घालून बघा. गालाच्या बाजूला मांस मऊ असतं, तिथे बोटं कुठेही शिरतात.

त्याच काळात आलेली एक चांगली गोष्ट म्हणजे कानांच्या मागे खोबण कापलेला हेडपीस (ब्रिडलचा डोक्यावरून जाणारा पट्टा). तिथे नाजूक भाग असतो, दाब पसरला तर घोडा डोकं शांत ठेवतो. कपाळपट्टीवर चमकते खडे लावायचीही फॅशन आहे. खुशाल लावा, फक्त पट्टी आखूड नको. ती आखूड असली की हेडपीस पुढे ओढला जाऊन कानाच्या मुळाशी रुततो. पॅड, बँडेज, कानटोपी सगळं एकाच रंगात जुळवण्याच्या हौशीबद्दल मी एवढंच म्हणेन, की बँडेज बांधायला कुणाकडून तरी नीट शिका. रंग कुठलाही चालेल, ताण मात्र सगळीकडे सारखा हवा.

स्वाराच्या सामानात सगळ्यात मोठा बदल डोक्यावर झाला. ड्रेसाजमध्ये उंच टोपी ही प्रतिष्ठेची खूण होती. मार्च 2010 मध्ये अमेरिकेची ऑलिंपिक स्वार कोर्टनी किंग-डाय हेल्मेट न घालता घोड्यावर असताना पडली आणि कित्येक आठवडे कोमात गेली. त्यानंतर हेल्मेटची मोहीम उभी राहिली. 2012च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शार्लट डुजार्डिनने हेल्मेट घालून ड्रेसाजचं वैयक्तिक सुवर्ण जिंकलं, आणि 2021 पासून एफईआयच्या स्पर्धांत हेल्मेट सक्तीचं झालं. एवढ्या थोड्या वर्षांत लोकांची नजर बदलली, याचा मला मनापासून आनंद आहे. हेल्मेट विकताना ते डोक्यावर घालून, पट्टा न लावता डोकं हलवून बघा. मुलांना वाढत्या मापाचं देऊ नका, आणि डोक्यावर आपटून पडल्यावर तडा दिसला नाही तरी ते बदलायला सांगा. हवेने फुगणारं जॅकेट क्रॉस-कंट्रीत (मोकळ्या रानातल्या अडथळ्यांच्या स्वारीत) आता सर्रास दिसतं. त्याची दोरी सॅडलला अडकवलेली असते, स्वार उडून पडला की दोरी खेचली जाऊन नळकांडीतला वायू सुटतो. उतरण्याआधी ती सोडायची सवय नवख्याला पहिल्याच दिवशी लावा.

ब्रीचेसबद्दल थोडक्यात. मांडीला फुगीर, खाली घट्ट असा जुना घाट होता, कारण कापड ताणलं जात नव्हतं आणि बसायला जागा लागायची. 1958 साली इलॅस्टेनचा शोध लागला आणि पुढे तो फुगा गळून पडला. आता बैठकीवर सिलिकॉनची नक्षी असते. तिने स्वार घट्ट बसतो खरा, पण शिकाऊ माणसाने काही महिने साध्या ब्रीचेसमध्ये तोल शिकावा असं माझं मत आहे.

शिकायची सुरुवात दुकानात उभं राहून नको, दुरुस्तीच्या बाकावर करा. एका मेणलेल्या दोऱ्याला दोन सुया लावून घातलेला सॅडल-टाका आधी हातात बसू द्या. त्यात एक पदर तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. मशिनचा टाका एका जागी सुटला की उसवत जातो, आणि नवं ब्रिडल स्वस्त का पडतं हे बऱ्याचदा टाक्यातच दिसतं. शिवणारा आणि बसवणारा ही दोन निरनिराळी कौशल्यं आहेत. ब्रिटनमध्ये 1966 साली स्थापन झालेली सोसायटी ऑफ मास्टर सॅडलर्स दोन्हींची वेगवेगळी पात्रता देते. ज्या क्रीडाप्रकारासाठी सामान विकता, त्याचं नियमपुस्तक दर वर्षी नव्याने वाचा. परवानगी असलेल्या बिट आणि नोजबँडची यादी बदलत राहते, आणि चुकीच्या बिटमुळे बाद होणारं गिऱ्हाईक परत येत नाही. वाकवता येणाऱ्या पट्टीने प्रत्येक घोड्याच्या विदर्सचा आकार कागदावर उतरवून तारीख घाला. पुढच्या वेळी तोच आकार पुन्हा काढला की पाठ किती बदलली ते वादाशिवाय कळतं.

आणि कुठलंही सॅडल हातात आलं, नवं असो वा जुनं, आधी रिकिबीचे पट्टे काढून एकमेकांशेजारी लावा. डावा बहुधा लांब निघतो, कारण चढताना सगळं वजन त्यावर येतं. दोन्ही बाजू अधूनमधून अदलाबदल करायला सांगा. मग पट्टा उलटा वाकवून बकलजवळचे टाके बघा, तंगाच्या पट्ट्यांची भोकं लांबट झाली आहेत का ते बघा, आणि रिकीब अडकवतो त्या कडीचं टोक आडवं, उघडं आहे याची खात्री करा, म्हणजे स्वार पडून पाय अडकला तर पट्टा निसटून येईल.