लिनक्सचा लॅपटॉप ग्रबपाशी अडला तर काय करावे

लिनक्सवर चालणारा लॅपटॉप सुरू करताच काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एखादी ओळ येऊन सगळे थांबले, की ‘हार्ड डिस्क गेली’ असे समजून तो थेट तालुक्याच्या गावी दुरुस्तीला नेला जातो, आणि तिथे लिनक्सची माहिती असलेला माणूस भेटला नाही तर सर्व काही पुसून नवी प्रणाली टाकून दिली जाते. आंब्याच्या पेट्यांचा हिशेब, होमस्टेच्या नोंदी, मंडळाचे दप्तर, घरातले फोटो हे सारे त्यात जाते. वास्तविक बूटलोडर, म्हणजे बटण दाबल्यावर प्रणाली सुरू करून देणारा प्रोग्रॅम (लिनक्सवर तो बहुधा ‘ग्रब’ असतो), बिघडला म्हणून फाइली जात नाहीत. त्या डिस्कवर जागच्या जागी असतात; प्रणाली सुरू होण्याच्या क्रमातला एखादा टप्पा तेवढा मोडलेला असतो आणि तो कोणता हे बहुधा पडद्यावरची ओळच सांगते. म्हणून ती ओळ वाचल्याशिवाय काहीही बदलू नये, आणि फॉरमॅटचा विचार अगदी शेवटी करावा, असे मी आग्रहाने सांगतो.

येथील सूचना उबुंटू, लिनक्स मिंट आणि डेबियन यांना धरून दिल्या आहेत. आज्ञा देवनागरीत लिहिल्या असल्या तरी टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, त्या लहान रोमन अक्षरांत, जोडरेषा, तिरकी रेघ आणि मोकळी जागा जिथल्या तिथे ठेवून टाइप कराव्यात.

पावसाआधीची तयारी

कोकणात मिरगाच्या आधी घरोघर आगोट भरून ठेवतात; लिनक्स वापरणाऱ्याने त्याच सुमारास एक लाइव्ह पेनड्राइव्हही, म्हणजे ज्यावरून डिस्कला हात न लावता लिनक्स थेट सुरू होते असा पेनड्राइव्ह, तयार करून ठेवावा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, त्यानंतर श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंतच्या कितीतरी गावांत अनेक दिवस वीज नव्हती आणि मोबाइलला रेंजही नव्हती. अशा दिवसांत त्यासाठी लागणारी काही जीबींची आयएसओ फाइल, म्हणजे एकाच फाइलीत बांधलेली संपूर्ण प्रणाली, उतरवून घेणे शक्य नसते. ती नेटवर्क चांगले असताना आधीच घ्यावी, रूफस किंवा बालेना एचर हा प्रोग्रॅम वापरून ८ जीबी किंवा त्याहून मोठ्या पेनड्राइव्हवर लिहावी, आणि त्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप एकदा खरोखर सुरू होतो का ते पाहूनच तो कपाटात ठेवावा.

याच वेळी टर्मिनल उघडून ‘एलएसबीएलके -एफ’ आणि ‘सुडो ईएफआयबूटएमजीआर -व्ही’ या दोन आज्ञा चालवाव्यात आणि त्यांचे उत्तर कागदावर उतरवून घ्यावे. कोणते पार्टिशन (डिस्कचा भाग) कशासाठी आहे आणि फर्मवेअर (लॅपटॉपमध्येच बसवलेला, बटण दाबताच चालणारा प्रोग्रॅम) कोणत्या क्रमाने काय सुरू करते, हे त्यातून कळते. लॅपटॉपवर विंडोजही असेल आणि त्यात बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय, चालू असेल, तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की त्याच कागदावर असलीच पाहिजे, कारण फर्मवेअरच्या मांडणीत केलेल्या बदलानंतर विंडोज ती मागू शकते.

अडले कुठे ते ओळखावे

२०१२ नंतरच्या, म्हणजे विंडोज ८ च्या काळापासूनच्या, बहुतेक लॅपटॉपांत यूईएफआय या नव्या प्रकारचे फर्मवेअर असते. बटण दाबल्यावर ते फॅट३२ प्रकारच्या एका लहान पार्टिशनवरून शिम हा छोटा प्रोग्रॅम उचलते, शिम ग्रबला बोलावतो, ग्रब आपली ‘ग्रब.सीएफजी’ ही फाइल वाचून मेनू दाखवतो आणि निवडलेला कर्नल (लिनक्सचा गाभा) व त्याच्या जोडीची इनिटरामएफएस ही सुरुवातीचे साहित्य पुरवणारी फाइल मेमरीत चढवतो. त्यानंतर कर्नल मूळ फाइलसिस्टीम, म्हणजे जिच्यात सगळी प्रणाली ठेवलेली असते ती डिस्कवरची मांडणी, जोडून पुढचे काम हाती घेतो. त्याहून जुन्या, बायोस या आधीच्या प्रकारच्या फर्मवेअरच्या लॅपटॉपांत शिम नसतो आणि ग्रबचा पहिला तुकडा डिस्कच्या अगदी सुरुवातीला असतो.

‘नो बूटेबल डिव्हाइस’ अशी ओळ आली तर ग्रबपर्यंत पाळीच आलेली नाही. अशा वेळी आधी फर्मवेअरच्या सेटअपमध्ये जाऊन डिस्क दिसते का ते पाहावे. दिसत नसेल तर दोष डिस्कचा किंवा तिच्या जोडणीचा आहे. समुद्राकाठच्या खाऱ्या, दमट हवेत जुन्या लॅपटॉपचे संपर्कबिंदू गंजू शकतात, तेव्हा ही शक्यता येथे विसरू नये. ‘ग्रब रेस्क्यू’ किंवा नुसता ‘ग्रब’ असा प्रॉम्प्ट (आज्ञेची वाट पाहणारी ओळ) आला, तर ग्रब जागा झाला आहे, पण त्याला आपल्याच फाइली सापडत नाहीत. मेनू येऊन गेल्यावर ‘कर्नल पॅनिक’ आले, किंवा कंसात ‘इनिटरामएफएस’ असे लिहून कर्सर थांबला, तर ग्रबने आपले काम केलेले आहे. दोष कर्नलच्या फाइलींत किंवा फाइलसिस्टीममध्ये शोधावा. या तिसऱ्या प्रकारात ग्रब पुन्हा बसवण्यात वेळ घालवू नये.

अपडेट चालू असताना लाइट गेली असेल तर

बॅटरी निकामी झालेला आणि केवळ चार्जरवर चालणारा लॅपटॉप आपल्याकडे घरोघर आहे, आणि पावसाळ्यात लाइट जाण्याला काळवेळ नसतो. नवा कर्नल बसत असताना वीज गेली, तर कर्नलची फाइल डिस्कवर येते, पण तिच्या जोडीची इनिटरामएफएस तयार व्हायची राहते किंवा अर्धवट राहते. पुढच्या वेळी पडद्यावर ‘कर्नल पॅनिक – नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’ अशी लांबलचक ओळ दिसते. तिचा अर्थ इतकाच, की मूळ फाइलसिस्टीमपर्यंत पोहोचण्यासाठी लागणारे साहित्य कर्नलला मिळाले नाही.

याचा उपाय बहुधा त्याच लॅपटॉपमध्ये असतो, कारण उबुंटू आणि डेबियन जुना कर्नल लगेच काढून टाकत नाहीत. लॅपटॉप पुन्हा सुरू करून ग्रबचा मेनू आणावा. तो आपोआप दिसत नसेल, तर यूईएफआयच्या लॅपटॉपवर कंपनीचे चिन्ह जाताजाता एस्केपची कळ एकदाच दाबावी, आणि बायोसच्या लॅपटॉपवर शिफ्टची कळ दाबून धरावी. एस्केप भराभर दाबत राहिल्यास मेनू मागे पडून ग्रबचा प्रॉम्प्ट येतो आणि नवा बिघाड झाल्यासारखे वाटते. तसे झाल्यास घाबरू नये, लॅपटॉप पुन्हा सुरू करावा.

मेनूत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ या नावाची ओळ असते. तिच्यावर एंटर दाबले की बसवलेले सर्व कर्नल आकड्यांसह दिसतात आणि सर्वांत वर सर्वांत नवा असतो. त्याच्या खालचा, ‘रिकव्हरी मोड’ न लिहिलेला जुना कर्नल निवडावा. प्रणाली सुरू झाली, की टर्मिनलमध्ये प्रथम ‘डीएफ -एच’ ही आज्ञा देऊन ‘/’ आणि वेगळे असल्यास ‘/बूट’ या पार्टिशनांवर जागा शिल्लक आहे का ते पाहावे. वेगळे ‘/बूट’ लहान असते आणि जुन्या कर्नलांनी ते भरून गेले, तर लाइट न जातासुद्धा नेमका हाच बिघाड होतो. नंतर अर्धवट राहिलेले काम ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ या आज्ञेने पूर्ण करावे, ‘सुडो अपडेट-इनिटरामएफएस -यू -के ऑल’ ही आज्ञा देऊन सर्व कर्नलांच्या फाइली नव्याने तयार कराव्यात, आणि शेवटी ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवावे. ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह’ ने जुने कर्नल काढायचे असतील, तर नवा कर्नल नीट सुरू होतो याची खात्री पटल्यावरच काढावेत.

वीज गेल्यामुळे फाइलसिस्टीमच विस्कटली असेल, तर इनिटरामएफएसच्या प्रॉम्प्टवर ‘रन एफएससीके मॅन्युअली’ अशी सूचना पार्टिशनच्या नावासह येते. ते नाव ‘/डेव्ह/एसडीए२’ असल्यास ‘एफएससीके -वाय /डेव्ह/एसडीए२’ अशी आज्ञा द्यावी, काम संपू द्यावे आणि ‘एग्झिट’ लिहावे. मात्र डिस्कमधून खडखड आवाज येत असेल, किंवा पडद्यावर ‘आय/ओ एरर’ च्या ओळी धावत असतील, तर ही आज्ञा मुळीच देऊ नये. त्याआधी लाइव्ह पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करून आपल्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात.

ग्रबचा नुसता प्रॉम्प्ट आला तर

पार्टिशनांत फेरफार केल्यावर, एखादे पार्टिशन पुसल्यावर किंवा डिस्क बदलल्यावर हा प्रसंग येतो. प्रथम ‘एलएस’ लिहून एंटर दाबावे. ‘(एचडी०) (एचडी०,जीपीटी१) (एचडी०,जीपीटी२)’ अशी नावे दिसतील. डिस्कची मोजणी शून्यापासून आणि पार्टिशनांची एकपासून होते. मग प्रत्येकाची तपासणी करावी: ‘एलएस (एचडी०,जीपीटी२)/बूट/ग्रब’ असे लिहिल्यावर फाइलींची नावे आली तर हेच आपले पार्टिशन, आणि ‘अननोन फाइलसिस्टीम’ असे उत्तर आले तर पुढचे पाहावे. घाईत पहिल्यावरच थांबण्यापेक्षा सर्व पार्टिशने तपासून मगच पुढे जावे, कारण पेनड्राइव्ह लावलेला असेल तर ‘एचडी०’ हे नाव त्यालाही मिळू शकते.

पार्टिशन सापडल्यावर ‘सेट रूट=(एचडी०,जीपीटी२)’, ‘सेट प्रीफिक्स=(एचडी०,जीपीटी२)/बूट/ग्रब’, ‘इन्समॉड नॉर्मल’ आणि ‘नॉर्मल’ या चार ओळी एकेक करून द्याव्यात. बरोबरीच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडू नये. नेहमीचा मेनू उघडेल आणि प्रणाली सुरू होईल, पण हा बदल तेवढ्या वेळेपुरताच टिकतो. म्हणून आत गेल्याबरोबर यूईएफआयच्या लॅपटॉपवर ‘सुडो ग्रब-इन्स्टॉल’ आणि बायोसच्या लॅपटॉपवर ‘सुडो ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए’ ही आज्ञा द्यावी आणि त्यानंतर ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवावे. बायोसच्या बाबतीत येथे पूर्ण डिस्कचे नाव लागते, पार्टिशनचे नाही, म्हणजे शेवटी आकडा येत नाही.

शेजारी विंडोज असेल तर

फर्मवेअरच्या किंवा विंडोजच्या अपडेटनंतर कधीकधी ग्रबला वगळून थेट विंडोज सुरू होऊ लागते. येथे बहुधा काहीही मोडलेले नसते, केवळ क्रम बदललेला असतो. फर्मवेअरच्या सेटअपमध्ये उबुंटू किंवा डेबियन हे नाव वर आणले की पुरते. ग्रबच्या मेनूतून विंडोज नाहीसे झाले असेल, तर २०२१ मध्ये आलेल्या ग्रब २.०६ पासून इतर प्रणाली शोधण्याचे काम मुळातच बंद ठेवलेले असते, हे लक्षात घ्यावे; ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ या फाइलीत ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स’ ही ओळ घालावी, मात्र बरोबरीच्या चिन्हापूर्वीची सर्व अक्षरे मोठी असावीत, आणि मग ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवावे.

ऑगस्ट २०२४ मधील विंडोजच्या सुरक्षा अपडेटनंतर अनेक लॅपटॉपांवर ‘व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड’ अशी ओळ येऊन लिनक्स सुरू होईनासे झाले होते. तशी ओळ आल्यास फर्मवेअरमध्ये सिक्युअर बूट (सही असलेलेच प्रोग्रॅम सुरू होऊ देणारी सोय) तात्पुरते बंद करावे, लिनक्समध्ये जाऊन ‘सुडो एमओकेयूटिल --सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट’ ही आज्ञा द्यावी, लॅपटॉप एकदा पुन्हा लिनक्समध्येच सुरू करावा आणि नंतर सिक्युअर बूट परत चालू करावे. ते कायमचे बंद ठेवणे मला योग्य वाटत नाही.

पेनड्राइव्हवरून दुरुस्ती

वरील कशानेच काम झाले नाही, तर लाइव्ह पेनड्राइव्ह लावावा. आपली प्रणाली यूईएफआयवर असेल तर पेनड्राइव्हही यूईएफआय पद्धतीनेच सुरू झाला पाहिजे. ‘एलएस /एसवायएस/फर्मवेअर/ईएफआय’ या आज्ञेला उत्तर आले म्हणजे तसे झाले आहे. मग ‘एलएसबीएलके -एफ’ ने पार्टिशने ओळखावीत. मूळ पार्टिशन ‘एसडीए२’ आणि फॅट३२ चे लहान पार्टिशन ‘एसडीए१’ आहे असे धरले, तर ‘सुडो माउंट /डेव्ह/एसडीए२ /एमएनटी’ आणि ‘सुडो माउंट /डेव्ह/एसडीए१ /एमएनटी/बूट/ईएफआय’ या आज्ञा द्याव्यात. एनव्हीएमई प्रकारची (नवी, वेगवान) डिस्क असेल तर ही नावे ‘एनव्हीएमई०एन१पी२’ अशा धर्तीची असतात. ‘/बूट’ चे पार्टिशन वेगळे असल्यास ते या दोहोंच्या मध्ये जोडावे.

त्यानंतर ‘सुडो माउंट --आरबाइंड /डेव्ह /एमएनटी/डेव्ह’ ही आज्ञा द्यावी, तशीच ती प्रॉक, एसवायएस आणि रन या तीन निर्देशिकांसाठीही द्यावी, आणि ‘सुडो सीएचरूट /एमएनटी’ ने आपल्या मूळ प्रणालीत शिरावे. येथून पुढे दिलेली प्रत्येक आज्ञा डिस्कवरच्या प्रणालीलाच लागू होते. ग्रबच्या नुसत्या प्रॉम्प्टच्या भागात दिल्याप्रमाणे ग्रब-इन्स्टॉल आणि अपडेट-ग्रब चालवावे. ‘इन्स्टॉलेशन फिनिश्ड. नो एरर रिपोर्टेड.’ हे शब्द दिसले नाहीत तर लॅपटॉप बंद करू नये. आलेली त्रुटी लिहून घ्यावी आणि पार्टिशने बरोबर जोडली आहेत का ते पुन्हा पाहावे. काही लॅपटॉपांचे फर्मवेअर ठरावीक जागेखेरीज कुठे शोधतच नाही. तशा यूईएफआय लॅपटॉपवर ‘ग्रब-इन्स्टॉल --रिमूव्हेबल’ असे लिहिल्यास ग्रब त्या ठरावीक जागी बसतो.

काम झाल्यावर ‘एग्झिट’ लिहून लॅपटॉप पूर्ण बंद करावा, पेनड्राइव्ह काढावा आणि मग बटण दाबावे, कारण पेनड्राइव्ह तसाच राहिला तर नेमके कशावरून सुरू झाले ते कळत नाही. प्रणाली आल्यावर ‘सुडो स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीए’ ही आज्ञा चालवावी; ती मिळत नसेल तर स्मार्टमॉनटूल्स हे पॅकेज बसवावे. साध्या हार्ड डिस्कच्या यादीत ‘रीअलोकेटेड सेक्टर’ किंवा ‘करंट पेंडिंग सेक्टर’ यांच्यापुढच्या शेवटच्या रकान्यात शून्य नसून आकडा वाढत चाललेला दिसला, तर डिस्क खराब होऊ लागली आहे असे समजून त्याच दिवशी फाइलींची प्रत काढावी आणि नवी डिस्क घ्यावी.